हवालदारांची शेळी

"ही झोपत न्हाय," हवालदार म्हणाले.

शेळी त्या वेळी माझ्या टेबलाच्या पायाला अंग टेकून डुलक्या घेत होती.

"रात्रीची?" मी विचारलं.

"रातचीच. मधीच जाग येती. मग बसून ऱ्हाती, कोंबडं आरवेपर्यंत."

"खाणंपिणं कसं आहे?"

"खाणं तुटलंय. पिणं..." हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "पिणं चालू हाय."

मी शेळीचा ताप पाहिला, पापणी उलटून पाहिली, पोटाला कान लावला. मधेच जागी होऊन तिने माझ्या खिशातला रुमाल चाखून पाहिला आणि रवंथ सुरू केला. इतकं समाधानी जनावर मी त्या महिन्यात दुसरं पाहिलं नव्हतं.

"शेळी ठणठणीत आहे, हवालदार."

"वरनं तसंच दिसतंय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आतनं न्हाय."

मी थर्मामीटर पुसून ठेवला. मी जनावरांचा होतो, पण इतकं मलाही कळत होतं.

"आतल्याचं माझ्याकडे नाही," मी म्हणालो. "त्या खोलीत बाई बसतात, त्यांच्याकडे आहे. दाखवून घ्या. जनावर चालतं त्यांना."

ही खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. आता आमच्या खडकजाई गावाला मानसिक आरोग्याची वेगळी इमारत आहे, तिला फरशी आहे आणि फरशीवर न थुंकण्याची विनंती आहे. तेव्हा यातलं काही नव्हतं. तेव्हा जिल्ह्याहून डॉ. मुजावर नावाच्या एक बाई दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, एका खटारा गाडीतून यायच्या. मनाचे आजार आणि दारू अशी दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. त्यांना बसायला जागा हवी होती. शाळा म्हणाली, मुलं घाबरतील. ग्रामपंचायत म्हणाली, सदस्य घाबरतील. दूध डेअरीचे चेअरमन सर्जेराव झिमल यांनी तर चारचौघांत सांगून टाकलं, "बाई, आमच्या गावात येडं कोण न्हाय. एक व्हती, ती पुढच्या गावात दिली."

शेवटी राहिला जनावरांचा दवाखाना. तिथे पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी होतो. सरकार मला ओंबासे म्हणत असे आणि गाव मला डाक्टर म्हणत असे. मुजावरबाई खऱ्याखुऱ्या एम.डी. होत्या, म्हणून गाव त्यांना नुसतं बाई म्हणत असे. औषधांचं कपाट होतं ती मागची खोली मी त्यांना दिली. जनावरांचा आक्षेप नव्हता.

पहिले काही मंगळवार कोणीच फिरकलं नाही. बाई आत कपाटासमोर बसून राहायच्या आणि मी बाहेर बैलांना टोचत राहायचो. मग एकदा एक म्हातारी कोंबडी काखेत घेऊन आली. कोंबडीला काहीही झालेलं नव्हतं. ते ऐकून म्हातारीची निराशा झाली नाही. ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि सून बाळंतपणापासून बोलत नाही असं सांगून बराच वेळ रडली. कोंबडी माझ्याकडे राहिली.

गावाला रस्ता सापडला तो त्या दिवशी. जनावर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला वाटेत कोणी काही विचारत नाही. पुढच्या मंगळवारपासून आवार भरायला लागलं. ज्यांच्याकडे जनावर नव्हतं ते शेजाऱ्याचं आणायचे. एक बोकड तर चार घरांच्या वतीने येऊन गेला. दर वेळी त्याला जंताचं औषध पाजायचा मला आग्रह व्हायचा, आणि मी पाजल्याचं नाटक करायचो. तो बोकड आज असता तर माझ्याविषयी चांगलं बोलला असता.

अशा त्या आवारात ज्योतीराम फडतरे, लष्करातले निवृत्त हवालदार, शेळीची दोरी हातात धरून उभे होते. हे मला नवीन होतं. हवालदारांना गावात फार मान. रोज पहाटे ते पोरांना माळावर पळवायचे, त्यातली कितीतरी भरती झाली होती. इस्त्रीची विजार, ताठ मान. संध्याकाळी ते कँटीनच्या कोट्यातली रम घेतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण फौजी माणूस घेतो त्याला गावात दारू म्हणत नसत.

ते आत गेले. बाईंनी मलाही बोलावलं, कारण शेळीला धरायला कोणीतरी हवं होतं.

"शेळीला सिक रिपोर्ट करायला आणलंय," हवालदार म्हणाले. ते खुर्चीवर बसले नाहीत.

मुजावरबाईंनी शेळीकडे पाहिलं. मग हवालदारांकडे पाहिलं. मग पुन्हा शेळीकडेच पाहात अगदी शांतपणे विचारलं, "किती दिवसांपासून झोपत नाही ती?"

"पावसाळ्यापास्नं."

"काही घडलं होतं का तेव्हा?"

"काय न्हाय. तेच तर. पोरगं चांगलं नोकरीला हाय. पेन्शन हाय... म्हंजे, चारा हाय, पाणी हाय. कशाचा म्हणून तरास न्हाय. तरी तिला काय गोडच लागत न्हाय."

"असं होतं," बाई म्हणाल्या. "कारण लागतंच असं नाही. पिते का?"

हवालदारांनी खोकून घेतलं. "सांजच्याला."

"किती?"

"आधी थोडी. आता... बाटली फुटली की संपल्याबिगर ऱ्हात न्हाय."

मी आयुष्यात रम पिणारी शेळी पाहिली नव्हती. पण मी फक्त पर्यवेक्षक होतो.

"सकाळी पाय थरथरतात?"

"पुढचे," हवालदार म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "तिला मरून जावंसं वाटतं का?"

मी शेळीची दोरी घट्ट धरली. का ते माहीत नाही. ती कुठेही जात नव्हती.

"हिरीवर जाती," हवालदार म्हणाले. "कठड्याला हुबी ऱ्हाती."

"आणि परत कशी येते?"

"मालकीण हाक मारती. च्या झालाय म्हणून."

बाईंनी गोळ्या दिल्या. रोज रात्री एक, चाऱ्यात मिसळायची नाही, ज्याची आहे त्यानेच पाण्याबरोबर घ्यायची, आणि पुडी मालकिणीच्या ताब्यात राहील. पिणं एकदम तोडायचं नाही, त्याने झटके येतात. ते सोडवायला दवाखान्यात राहावं लागेल, त्याचं पुढच्या वेळी बोलू. येत्या मंगळवारी शेळीला दाखवायलाच हवं, चुकवायचं नाही.

"यस सर," हवालदार बाईंना म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "डाक्टर, घरी यातलं काय बोलायचं न्हाय. मालकिणीला वाटतंय शेळीच आजारी हाय."

"मी कशाला बोलू," मी म्हणालो.

ते नेमाने यायला लागले. शेळीचं कधी थोडं बरं असायचं, कधी नसायचं. दवाखान्यात राहण्याचा विषय निघाला की हवालदार म्हणायचे, "बघू. तेवढं सोडून बोला." मग एका मंगळवारी ते आलेच नाहीत. बाई सारख्या फाटकाकडे बघत होत्या. निघताना म्हणाल्या, "ओंबासे, मला हा माणूस आवडत नाहीये. म्हणजे माणूस आवडतो. न येणं आवडत नाही."

त्याच्या पुढच्या मंगळवारी जिल्ह्याचे निमकर साहेब आले.

त्यात साहेबांची काही चूक नव्हती. आमच्या केंद्राचे आकडे साऱ्या जिल्ह्यात वर गेले होते, आणि आकडे वर गेले की बघायला कोणीतरी येतंच. साहेबांना सेवेचा विस्तार करायचा होता. विस्तारासाठी त्यांनी एक लांबलचक कापडी फलक, एक कर्णा, एक लाल फीत आणि फोटोवाला आणला होता. 'मनोरुग्ण व व्यसनाधीन रुग्ण तपासणी केंद्र' अशी अक्षरं बाजारतळावरूनही वाचता येत होती.

"माणसं आणि जनावरं एकत्र?" साहेब आवारात शिरताच म्हणाले. "ओंबासे, हे काय चाललंय?"

"साहेब, जागेची अडचण."

"फोटोत बैल दिसले तर वर काय सांगू मी?"

त्यांनी आवाराच्या मधोमध चुन्याची रेघ मारून घेतली. मग कर्णा तोंडाला लावला. "ज्यांना मनाचा आजार आहे किंवा दारूचं व्यसन आहे त्यांनी फलकाखाली यावं. जनावरवाल्यांनी रेघेच्या पलीकडे जावं. संकोच करू नये!"

कोणी संकोच केला नाही. सगळं आवार जनावरांसकट उठलं आणि शांतपणे रेघेच्या पलीकडे गेलं. मनोरुग्ण व व्यसनाधीन या फलकाखाली एकटे निमकर साहेब राहिले. फोटोवाल्याने सवयीने एक फोटो काढून टाकला.

"रुग्ण कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"होते," मुजावरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुम्ही यायच्या आधी पुष्कळ होते."

त्या वेळी फाटकातून हवालदार आले.

मी त्यांना इतक्या वर्षांत दाढी वाढलेलं पाहिलं नव्हतं. विजारीला इस्त्री नव्हती. शेळी पुढे होती आणि ते तिच्या मागे ओढले गेल्यासारखे चालत होते. त्यांनी फलक वाचला. रेघ पाहिली. मग दोन्ही बाजूंच्या मधे, बरोबर रेघेवर, ते थांबले.

गर्दीत सर्जेराव म्हशीला धरून उभे होते. म्हशीचं काय दुखत होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. ते साहेबांना म्हणाले, "ह्ये आमचे फडतरे हवालदार. लष्करातले."

"वा!" निमकर साहेबांचा चेहरा उजळला. "लष्करी माणूस! शिस्त! निर्व्यसनी जीवन! या हवालदारसाहेब, विस्ताराची फीत तुमच्याच हस्ते. आणि दोन शब्द. तरुणांना सांगा दारूपासून लांब कसं राहायचं ते. ती शेळी द्या कुणाकडे तरी."

त्यांनी कर्णा हवालदारांच्या पुढे धरला.

आवारात इतकी शांतता झाली की रवंथ ऐकू यायला लागला. हवालदारांनी कर्ण्याकडे पाहिलं. त्यांचा दोरी धरलेला हात थरथरत होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला.

"शेळीला बरं न्हाय," ते म्हणाले. "येतो मी."

आणि ते वळले. फाटकाबाहेर दोन वाटा होत्या. एक गावात, त्यांच्या घराकडे. दुसरी मळ्याकडे, विहिरीवर. ते दुसऱ्या वाटेला लागले.

मुजावरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हाक मारली असती तर ती मनोरुग्णाला मारलेली हाक झाली असती, साऱ्या गावासमोर, फलकाखालून. हाक मारायचा अधिकार त्या क्षणी फक्त जनावरांच्या माणसाला होता.

"हवालदार! थांबा!" मी ओरडलो. "ती शेळी बाहेर न्यायची नाही!"

ते थांबले. हुकूम ऐकायची सवय.

मी धावत गेलो, शेळीचं तोंड उघडून पाहिलं, जीभ पाहिली, आणि चेहरा जमेल तेवढा वाईट केला. "हे मला वेगळं दिसतंय. लागण आहे. ही आत्ताच्या आत्ता आतल्या खोलीत कोंडायची. आणि ज्याने हिला हाताळलंय त्याने पण आतच थांबायचं."

"लागण?" निमकर साहेब रेघेपासून एक पाऊल मागे सरकले. "कसली लागण?"

"नाव एवढ्यात सांगता येणार नाही, साहेब."

"माणसाला होते का?"

"होते की नाही ते सांगायला अजून कोणी परत आलेलं नाही."

साहेबांनी कर्णा खाली ठेवला. "मग आपण जरा... मुजावर मॅडम, तुम्ही बघून घ्या. मी तालुक्याला थांबतो." फलक सोडायलाही ते थांबले नाहीत. गाडीने उडवलेल्या धुळीतून फोटोवाला पळत गेला आणि मागच्या बाजूने चढला.

माझ्या नोकरीत मी केलेलं ते सगळ्यात मोठं निदान. शेळी माझा रुमाल चघळत होती.

आत बाईंनी दार लावून घेतलं. हवालदार या वेळी खुर्चीवर बसले.

"गेल्या मंगळवारी का आणली नाहीत?" बाईंनी विचारलं.

"तिला वाटलं, कशाला. रोज तेच सांगायचं. बाईंचा वेळ जातो."

"आणि आज?"

"आज म्हटली, एकदा रामराम घालून येऊ."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हवालदार, आता बघू नाही. हिला जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवावं लागेल. आजच. पिणं तिथे नीट सोडवता येईल आणि झोपही आणता येईल. हा आजार आहे. मी बरी झालेली पुष्कळ पाहिली आहेत. पण घरी ठेवून नाही होणार."

"शेळीला?"

"शेळीला. आणि तिच्यासोबत माणूस लागेल. रात्रंदिवस."

हवालदार खाली बघत होते. "गाव काय म्हणंल?"

"गाव म्हणेल, लागण झालेली शेळी आहे, माणूस सोबत गेलाय," मी म्हणालो. "मी आत्ताच ओरडून सांगितलंय सगळ्यांना. आता नाही गेलात तर माझी नोकरी जाईल."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मिशीखाली जरासं हसू होतं. दोन्ही एकदम असू शकतात हे मला तेव्हा कळलं.

दारावर थाप पडली. हवालदारांच्या मालकीण, कलावतीवहिनी होत्या. शेळीला काहीतरी भयंकर झालंय ही बातमी माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर पोचली होती. धावल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी शेळीकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याकडे बघितलं, पायापासून वर, हळूहळू, आणि मग भिंतीला टेकल्या.

हवालदार उठून उभे राहिले. "शेळीला जिल्ह्याला ठेवायला लागंल म्हणत्यात," ते म्हणाले. "मला सोबत जावं लागंल."

"जावा की," वहिनी म्हणाल्या.

"दिवस लागतील."

"लागू देत." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी तिचं कपडं बांधून देते. स्वेटर पण घालते. तिकडं गार असतंय पहाटंचं."

कोणी हसलं नाही. वहिनी घरी जाऊन पिशवी घेऊन आल्या. पिशवीत दोन विजारी, दोन बनियन, दाढीचं सामान आणि हिरवा लष्करी स्वेटर होता. हे सगळं शेळीचं.

गावासमोर शेळी बाईंच्या गाडीत चढवली. हवालदार तिच्या शेजारी बसले. मीही बसलो, कारण पुढच्या वळणावर शेळीला उतरवायचं होतं. जिल्ह्याच्या मनोरुग्ण वॉर्डात शेळीची सोय नव्हती. वळणावर मी तिला घेऊन उतरलो आणि ओढ्यातून, करवंदीच्या जाळीतून, माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. हवालदार परत येईपर्यंत ती तिथे लपवायची, असा बेत होता. शेळी लपवणं ही कल्पना ज्याने शेळी पाळली नाही त्यालाच सुचू शकते. ती दिवसभर ओरडायची.

पहिल्याच सकाळी सर्जेराव चेअरमन दारात. गाभण म्हशीचं काही विचारायला आले होते. आतून शेळी ओरडली. मी खोकलो. ती पुन्हा ओरडली.

सर्जेराव छताकडे बघत म्हणाले, "डाक्टर, रेडिओ लई मोठ्यानं लावता तुमी."

"सेल नवे आहेत," मी म्हणालो. ते गेले. मी स्वतःवर खूश होतो.

दुपारी माणसं झोपली की वहिनी मागच्या दाराने यायच्या. शेळीजवळ बसायच्या. जिल्ह्याला त्या दर दोन-तीन दिवसांनी जाऊन येत होत्या. पहिले दिवस फार वाईट गेले, हात बांधावे लागले, एवढंच सांगत.

"सुबाभळीचा पाला रोज ताजा असतो," मी एकदा म्हणालो, त्यांना बरं वाटावं म्हणून. "तुम्ही इतक्या लवकर आणून ठेवता दारात."

"मी न्हाई ठेवत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, विसरल्या असतील. माणूस काळजीत असलं की विसरतं.

त्या शेळीच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. "डाक्टर, एक सांगू का? त्यांना सांगायचं न्हाय. आमच्या घरात कधी शेळी नव्हती. त्यांना वास चालत न्हाय शेळीचा. मी बाजारात ऐकलं, तुमच्याकडं त्या बाई बसत्यात, आन् जनावर घेऊन गेलं की कोण इचारत न्हाय. म्हणून म्हायेरास्नं आणली. आन् दोन दिवसांनी त्यांना म्हटलं, ही झोपत न्हाय वो. रातभर बसून असती. तुमी जरा दवाखान्यात दावून आणा."

"काय म्हणाले ते?"

"लई येळ माझ्याकडं बघत व्हते. मग म्हणाले, व्हय, मलाबी तसंच वाटतंय." त्यांनी डोळे पुसले. "त्यांना वाटतंय मला काय ठाऊक न्हाय. तसंच ऱ्हाऊ द्या."

दोघांनीही मला एकच गोष्ट एकमेकांना न सांगायला सांगितलं होतं. सरकारी नोकरीत मी यापेक्षा अवघड काम केलं नाही.

हवालदार परत आले ते काही आठवड्यांनी, ऊन उतरायच्या सुमाराला. मी ठरल्याप्रमाणे शेळी घेऊन वळणावर जाळीत बसलो होतो. एस.टी.तून ते उतरले. वाळले होते. हिरवा स्वेटर अंगात सैल झाला होता. पण दाढी केलेली होती, आणि मी दोरी पुढे केली तेव्हा ती धरणारा हात हलला नाही.

"आजार पुन्हा उलटू शकतो म्हणतात बाई," ते म्हणाले. "दर मंगळवारी यायचं. गोळी चालूच ठेवायची."

"मग या. मी आहेच."

"पण गावातनं जायचं कसं, डाक्टर? माळावरची पोरं सलाम करणारी. बघणार सगळे."

"शेळी आहे ना," मी म्हणालो.

आम्ही गावात शिरलो. मी जरा मागे राहिलो, जणू वाटेत भेटलोय. पारावर नेहमीची माणसं बसली होती. सर्जेराव होते. कोंबडीवाली म्हातारी होती. मी मनातल्या मनात उत्तरं तयार ठेवली होती: लागण कोणती, इंजेक्शनं किती, दूध वापरायचं की नाही.

कोणी काही विचारलं नाही. हवालदारांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. म्हातारी उठली, शेळीसमोर आली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मग दुसरा एक माणूस उठला. त्याने खिशातून सुबाभळीचा डहाळा काढला. शेळीने तो ओळखीचा असल्यासारखा घेतला.

मग सर्जेराव उठले. डेअरीचा चेअरमन, अख्ख्या गावाची चेष्टा करणारा माणूस. ते शेळीपुढे उकिडवे बसले, तिचे दोन्ही कान हातात धरले आणि तिला म्हणाले, "काय गं बया, किती घाबरवलंस? आँ? पुन्ना त्या हिरीकडं जायचं न्हाय. समजलं का? लई वाटलं तर हितं येऊन बसायचं. येळ नगं बघू, काळ नगं बघू. आमी कोण काय इचारनार न्हाय. नुसतं बसायचं."

शेळीने त्यांच्या फेट्याचा सोगा तोंडात घेतला.

हवालदार तिच्या मागे, माळावर पोरांपुढे उभे राहायचे तसे, टाचा जुळवून उभे होते. नजर समोर. गालावरून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

"सांगतो तिला," ते म्हणाले.